शेवटचं माणूस उठेपर्यंत

१

भर दिवसा, सगळं ऑफिस जागं असताना, पलीकडून शेकडो माणसं कळा दाबत असताना नवं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवायचं आणि कुणाला त्याची चाहूलही लागू द्यायची नाही, ही अक्काची ख्याती होती. बाकीच्या कंपन्यांतले बाप्ये हे काम अंधार पडल्यावर करतात, डोळे चोळत, देवाचं नाव घेत. अक्का ते सकाळच्या कामाच्या गर्दीत करायची आणि करता करता शेंगदाणे खायची.

काम सांगायला सोपं आहे. दवाखान्यांतल्या भेटीच्या वेळा ठरवून देणारं सॉफ्टवेअर होतं ते. जावा या संगणकभाषेत लिहिलेले त्याचे वेगवेगळे भाग एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात राहायचे. एक डॉक्टरांची मोकळी वेळ शोधायचा, दुसरा ती राखून ठेवायचा, तिसरा रुग्णाला आठवण पाठवायचा. एखादा भाग बदलायचा म्हणजे जुना काढून नवा बसवायचा. पण जुन्यावर माणसं काम करत असतात, त्यांना अर्ध्यातून उठवायचं कसं? म्हणून अक्का जुना आणि नवा दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवायची. आधीपासून आत बसलेला जुन्याकडेच राहणार. नव्याने आत शिरणारा नव्याकडे जाणार. बाहेर पडून परत आलेलाही नव्याकडेच, आणि त्याला वाटणार की आपण होतो तिथंच आलो. बराच वेळ कुणी हललं नाही, तर ते बाहेर गेलं असं सर्व्हर धरून चालतो. असे एकेक जण उठत जातात, आणि जुन्याकडचं शेवटचं माणूस उठलं की सर्व्हर जुन्याला गुपचूप मिटवून टाकतो.

"कुणाला काही कळलं नाही ना? मग झालं तर!" अक्का हात झटकत म्हणायची.

त्या जुन्या भागाला काय वाटत असेल, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. पडायचं कारणच काय? पन्नाशी ओलांडलेली, ठणठणीत डोक्याची बाई ती. यंत्राला मन असतं म्हणणाऱ्याला तिने दारातूनच परत पाठवलं असतं.

२

अक्का याच कंपनीत पूर्वी फोनवर बसायची. दिवसभर "नमस्कार, कुणाशी बोलायचंय?" चालू, आणि टेबलाखाली मांडीवर जावाचं जाडजूड पुस्तक उघडं. रद्दीच्या दुकानातून आणलेलं, पहिली पानं उंदरांनी खाल्लेलं. त्यामुळे सुरुवात तिला कधी शिकताच आली नाही. ती एकदम मधूनच शिकली. आणि अशी शिकली, की भेटीची वेळ राखून ठेवणारा तो नाजूक भाग तिने एकटीने लिहिला. दोन माणसांनी एकाच क्षणी एकच वेळ मागितली तर ती एकालाच मिळावी, दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये आणि भांडण तर होऊच नये. घरातल्या दोन जावांना एकाच चुलीशी नांदवण्यासारखं होतं ते. वर्षानुवर्षं तो भाग बिनतक्रार चालला. अक्काला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर वारला होता. माझं म्हणावं असं जगात दोनच. हा भाग, आणि घरी दम्याने बेजार झालेली आई.

मग नवी आली.

त्या पोरीला नाव होतं, पण अक्काने ते जिभेवर घेतलं नाही. ती नवी ती नवीच. आणि नवी वाईट असती तर किती बरं झालं असतं! उर्मट असती, आळशी असती, निदान नटवी तरी. पण ती हसून बोलायची, स्वतःचा कप स्वतः विसळायची आणि "अक्का, तुमचं काम वाचूनच शिकले मी," असं म्हणायची. हे ऐकलं की अक्का शेंगदाण्यांची पुडी मिटून ठेवायची. वाचून शिकली म्हणजे काय? आत शिरून सगळं उचकटून बघितलं असंच ना?

अक्का जळत होती. उगाच दुसरा सोज्वळ शब्द कशाला शोधायचा?

त्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. "अक्का, भेट राखायचा भाग नवीने पुन्हा लिहिलाय. निम्म्याहून छोटा झालाय. आजच चढवू या. आणि चढवाल तुम्हीच. इतका हलका हात आहे कुणाचा इथं?"

"म्हणजे माझंच माणूस मीच उंबऱ्याबाहेर काढू?"

"अहो, सॉफ्टवेअर आहे ते!"

"तुम्हाला असेल," अक्का म्हणाली आणि उठली.

३

तिने नवीचं काम ओळ न् ओळ तपासलं. चूक सापडावी म्हणून तपासलं, हे ती स्वतःपाशी तरी नाकारत नव्हती. एकही सापडली नाही. उलट एके ठिकाणी तिचीच जुनी खोड दिसली. शंका आली की तीच गोष्ट दोनदा विचारून घ्यायची. कुणीही न शिकवता नवीने ती तशीच्या तशी उचलली होती. अक्काला आपल्याच चपला दुसऱ्याच्या पायात दिसाव्यात तसं झालं.

तिने नवा भाग चढवला. पडद्यावर जुना आणि नवा एकाखाली एक आले, दोन्ही हिरवे, प्रत्येकापुढे आत बसलेल्या माणसांचा आकडा.

अशा वेळी जुन्याला मुदत घालायची रीत असते. अमुक इतक्या वेळात माणसं उठली नाहीत, तर त्यांना उठव आणि मिटून जा. अक्का एरवी तासाभराची मुदत घालायची. आज तिचं बोट तिथं थबकलं. राहू दे की. जबरदस्तीने कुणाला उठवायचं कशाला? माझ्याकडे बसायचंय त्यांना बसू दे, शेवटचं माणूस उठेपर्यंत. तिने मुदतीची चौकट रिकामी सोडली आणि बटण दाबलं.

मग ती बघत बसली. नव्याकडची गर्दी फुगत होती, तिच्याकडची ओसरत होती. "बसा रे," ती पुटपुटली. "एवढी काय घाई आहे?"

काचेपलीकडच्या थंड खोलीतून सर्व्हरच्या पंख्यांची घरघर येत होती. त्या घरघरीकडे वर्षानुवर्षं तिचं लक्ष गेलं नव्हतं. आज मात्र तिला वाटलं, ती एक नाही, दोन आहेत. एक दुसरीच्या किंचित मागून चाललेली. कान द्यावा तर पुन्हा एकच.

४

कँटीनवाली खालून चहा घेऊन आली.

"घ्या अक्का, बिनसाखरेचा," ती म्हणाली आणि कप नवीच्या पुढ्यात ठेवला.

अक्का हसली. "दिसत नाही का गं तुला? म्हातारी इकडे आहे."

कँटीनवालीने वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, गोंधळही नव्हता. दारात आलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तेवढी अदब मात्र होती. "तुम्हाला काय आणू ताई? साहेबांना भेटायला आलात का?"

नवीने तो चहा उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं नाही. ही पोर चहात तीन-तीन चमचे साखर घालायची, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

"आज काय सगळ्यांनी मिळून माझी गंमत चालवलीय का रे?" अक्काने शेजारच्या टेबलावर विचारलं. तिथं ठिय्या बसायचा. सॉफ्टवेअर तपासणारा जाडजूड गृहस्थ, एकदा बसला की घरी जाईपर्यंत न उठणारा, म्हणून हे नाव. डबासुद्धा तो खुर्चीतच खायचा.

"कोण गंमत करतंय अक्का? कँटीनवालीचे डोळे गेले असतील," ठिय्या म्हणाला. अक्काचा जीव भांड्यात पडला.

पण जीव फार वेळ भांड्यात राहिला नाही. बाहेर जाऊन आलेला हिशेबनीस "काय अक्का, आज खुशीत?" असं नवीला म्हणून गेला. दुकानात जाऊन आलेल्या टेलिफोनवालीने अक्काला विचारलं, "आपलं नाव काय लिहू?" खुद्द साहेब जेवून परतले आणि नवीच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "झालं ना सगळं? मला माहीतच होतं, तुमच्या हाताला तोड नाही." अक्का त्यांच्यासमोर उभी होती. ते तिला वळसा घालून गेले, खांबाला घालावा तसा.

बाहेर जाऊन आलेले सगळे तिकडे. जागचे न हललेले माझ्याकडे. अक्काच्या डोक्यात हे आलं आणि तिने स्वतःलाच झापलं. वेडी आहेस का? माणसं म्हणजे काय पडद्यावरचे आकडे आहेत? रक्तदाब वाढला असेल. सकाळची गोळी घेतली होती का? घेतली होती.

"ठिय्या, तू मला ओळखतोस ना रे?"

"म्हणजे काय! माझ्या बायकोपेक्षा जास्त ओळखतो. तिला सांगू नका." त्याने जांभई दिली. डबा रिकामा झाला होता, ढेरीवर हात होते, मान कलत चालली होती.

"ठिय्या, झोपू नकोस."

"पाचच मिनिटं, अक्का..."

"झोपू नकोस म्हणते ना!" तिने त्याची खुर्ची हलवली. पण ठिय्याची झोप ती, दगडासारखी. तो घोरायला लागला. अक्का त्याच्यासमोर उभी राहून वाट बघत राहिली.

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं आणि घाईघाईने सावरून बसला. "माफ करा मॅडम. कुणाला भेटायचंय आपल्याला?"

५

ती नवीच्या टेबलापाशी गेली. म्हणजे आपल्याच, कारण नवी आता अक्काच्याच खुर्चीत बसली होती.

"ऊठ."

नवीने वर बघितलं. चेहरा तोच, तिशीतला, नितळ. बसण्याची ढब मात्र बदलली होती. डावा खांदा जरा उतरलेला, मान पुढे. वर्षानुवर्षं फोन कानाखाली धरून अक्काची जशी झाली होती, तशी.

"तुम्ही दमलाय," नवी हळू आवाजात म्हणाली. "घरी जा ना. इथलं मी बघते."

"काय केलंस तू?"

"मी कुठं काय केलं? चढवलं तुम्ही." तिच्या बोलण्यात डंख नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. मग नवीने, आठवल्यासारखं, सहज म्हटलं, "आईंचं वाफेचं औषध आज संपणार होतं. त्यांना सांभाळणाऱ्या बाईंना आणायला पाठवलंय मी."

आईबद्दल अक्का ऑफिसात कधी बोलली नव्हती. कुणाशीच. ते तिचं एकटीचं होतं.

तिची नजर पडद्यावर गेली. नव्याकडे तुडुंब गर्दी. आणि खाली, तिच्या जुन्या भागाकडे, अजूनही एक जण बसलेला होता. एकच.

कोण, ते तिला त्या क्षणी कळलं. आई सकाळपासून घराबाहेर पडली नव्हती. तिला पडताच येत नव्हतं. आणि काल रात्रभर खोकल्याने तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आता हिला झोप हवी, औषधापेक्षा झोपच. आणि सकाळी निघताना आईच म्हणाली होती, "आज दुपारी लागेल बघ मला झोप. आतून वाटतंय."

अक्का जिन्याने धावली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिला नव्हता. रस्त्यावर ऊन होतं, सिग्नलला गाड्या खोळंबल्या होत्या, फळवाला पपई कापत होता. सगळं जिथल्या तिथं. रोजचा औषधवाला दुकानाच्या दारात उभा होता. तिने सवयीने हात वर केला. त्याने मागे वळून बघितलं, हा हात कुणाला केलाय म्हणून.

६

किल्ली फिरली. इतका आधार तिला कित्येक वर्षांत कशाचा वाटला नव्हता.

बैठकीच्या खोलीत आईला सांभाळणारी बाई औषधाची पिशवी सोडत बसली होती. अक्काला बघून ती दचकून उभी राहिली. "अहो, अशा कशा आत आलात? बेल नाही का वाजवायची? कोण पाहिजे?"

"बाई, मी आहे."

"मी म्हणजे कोण? हळू बोला जरा. अक्का आत आहेत, आईंना झोपवतायत."

हे ऐकून अक्काला वाटली ती भीती नव्हती. भीती मागून आली. आधी उसळला तो जळफळाट. खुर्ची घेतलीस, घे. चहा घेतलास, घे. पण तिच्या उशाशी? तिथंसुद्धा? तिने बाईला बाजूला सारलं आणि आईच्या खोलीत शिरून दार आतून लावून घेतलं.

खोलीत आईशिवाय कुणी नव्हतं. पडदा ओढलेला, ऊन त्यातून पिवळट झिरपत होतं. आई तीन उशांवर टेकून बसली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पलंगाच्या कडेची चादर मात्र दबलेली होती. अक्काने हात लावला. उबदार.

"आलीस का गं चिमे?" आई म्हणाली.

एवढ्या थोराड बाईला चिमी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. अक्का पलंगाच्या कडेला मटकन बसली, बरोबर त्या दबलेल्या जागी. "आले आई. मी आले. ओळखलंस ना?"

"ओळखायला काय झालं? आंधळी नाही झाले अजून." आईचे डोळे मिटत चालले होते. "बरं झालं आलीस. आता डोळा लागेल."

"नको!"

आईने डोळे उघडले.

"म्हणजे... बोल ना माझ्याशी. किती दिवसांत बोललो नाही. लहानपणी मी कशी होते, सांग की."

"हट्टी," आई म्हणाली. धाप लागली, थांबली. "मेली हट्टी होतीस. आपली पाटी कुणाला हात लावू द्यायची नाहीस. धाकटी मावसबहीण माझ्या मांडीवर बसली तर तिला ढकलून द्यायचीस." परत पापण्या खाली आल्या.

"मग? पुढं सांग ना. आई! आई, इकडे बघ." अक्काने तिचा खांदा हलवला. तो खांदा चिमणीच्या हाडांचा होता.

आईने सांगितलं. खोकली, परत सांगितलं. पापणी पडली की अक्का हलवायची. पाणी पाजायची, तोंडावरून ओला हात फिरवायची, खिडकी उघडायची, परत लावायची. बंद दारापलीकडे कुणीतरी स्वयंपाकघरात भांडी लावत होतं. अक्का ऐकत होती. मोठं ताट मागे, वाट्या पालथ्या, झाकणं उभी. बाई तशी लावायची नाही. तसं लावणारी या घरात एकच होती, आणि ती इथं बसली होती. मग नळ बंद झाला. पावलं आली आणि दाराशी थांबली. कुणी दार वाजवलं नाही. कुणाला घाईच नव्हती.

"आई, जागी राहा."

"पुरे गं," आई रडवेली झाली. ओठ निळसर दिसत होते. "का छळतेस? कालपासून डोळा नाही माझ्या डोळ्याला. ती बरी तुझ्यापेक्षा."

"ती कोण?"

"मघाशी येऊन बसली होती ती. तुझ्या ऑफिसातली असेल. मी नाही ओळखत तिला. पण हात किती मऊ! म्हणाली, झोपा तुम्ही, मी आहे. तू आलीस म्हणून जागी राहिले, नाहीतर एव्हाना..." वाक्य खोकल्यात बुडालं.

अक्काचा हात आईच्या खांद्यावर तसाच राहिला. तिच्या मनात आलं, थोडा वेळ. आणखी थोडा वेळ जागं ठेवता येईल हिला. संध्याकाळपर्यंत नक्की. आणि मग? आईचा श्वास आत जाताना किती अडखळतोय, हे तिने आल्यापासून आत्ता पहिल्यांदा ऐकलं. एवढा वेळ ती दारापलीकडचंच ऐकत बसली होती.

ती बरी तुझ्यापेक्षा.

"सरक जरा," अक्का म्हणाली.

तिने एक उशी काढली, दोन सारख्या केल्या. आईचं डोकं मांडीवर घेतलं. गुडघ्यावर चादर ओढली. पडदा नीट लावला, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून.

"बोलायला नाही ना लावणार?" आईने विचारलं.

"नाही. झोप आता."

"तू बसशील?"

"मी नाही तर कोण बसणार?" अक्काने बंद दाराकडे बघत, त्या दारालाच ऐकवत म्हटलं. "तुला निजवायचं तर मीच निजवीन. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. कुणाचाही नाही."

ती आईच्या दंडावर हळूहळू थोपटायला लागली. आईची शिट्टी संथ झाली, मग मऊ झाली. एकदा बोटं अक्काच्या मनगटाभोवती घट्ट आवळली, आणि एकेक करून सुटत गेली.

दाराची कडी आतून लावलेली होती. ती लावलेलीच होती, अक्काने मान वळवून खात्री करून घेतली. तरी पाठीमागे पलंग हलकेच दबला. शेजारी एक हात आला आणि न चुकता, त्याच लयीत, आईच्या दुसऱ्या दंडावर थोपटायला लागला.

अक्काने तिकडे बघितलं नाही. अजून गाढ लागली नव्हती आईला. पापणी हलत होती. तोवर तरी जागा तिची होती. तिने त्या हाताला कोपराने ढकललं, आणि थोपटत राहिली.